प्रकल्प नोंदी: जॅग्वार एक्सजे२२० ची उत्पादनपूर्व चाचणी गाडी

१४ जानेवारी

गाडी शेडमध्ये आली. दाराची मोकळी रुंदी २.४ मीटर. आरसे धरून गाडी २.२२ मीटर भरते, म्हणून आरसे आधीच मिटवले. ट्रेलरच्या फळ्यांखाली जादा लाकूड घालून चढ कमी केला, नाहीतर नाकाचा पत्रा आधी टेकतो.

ढकलण्याआधी गिअर खरोखर न्यूट्रलमध्ये आहे का ते पाहिले. लिव्हर न्यूट्रल दाखवतो एवढ्यावर भागत नाही. दोन्ही मागची चाके उचलून ती एकाच वेळी, एकाच दिशेने बोटाच्या जोराने हलवली, ती मोकळी फिरली. अडली असती तर तिथेच थांबलो असतो. या इंजिनाचे चारही कॅमशाफ्ट (वाल्व उघडणारे दांडे) रबरी दातेरी पट्ट्यांवर चालतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचा पट्टा ताठ झालेला असतो. गिअर अडकलेला असताना कुणी जोर लावला की क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरतो, पट्ट्याचा एखादा दात सुटतो आणि वाल्व पिस्टनवर आपटतात. किल्लीला हात न लावता इंजिन गमावायचा हा खात्रीचा मार्ग आहे.

पुढचे डावे चाक जाम होते. कॅलिपरचा (ब्रेकच्या पकडीचा) ब्लीड निपल, म्हणजे तेल सोडायचा स्क्रू, अर्धा फेरा सैल केला, दाब थोडा सुटला, चाक मोकळे झाले नाही. ओढत नेले नाही. चारही चाकांखाली छोट्या चाकांच्या ढकलपाट्या घालून गाडी जागेवर नेली.

१७ जानेवारी

दिवसभर पान्याला हात लावला नाही. फक्त फोटो आणि चिठ्ठ्या.

नेहमीच्या जीर्णोद्धारात गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची असते. चाचणी गाडीला तो नियम लावता येत नाही, कारण ती त्या अर्थाने कारखान्यातून निघालेलीच नसते. सहा महिने कूलिंगच्या कामाला, मग ब्रेकला, मग एखाद्या दिवशी रंग मारून छायाचित्रांना, असे तिचे आयुष्य जाते. दर वेळी भोके पडतात, बुजतात, पुन्हा पडतात. म्हणून पहिला निर्णय असा घ्यावा लागतो की गाडी कोणत्या दिवसाची धरायची. इथे ठरले: शेवटच्या चाचणीनंतर चाचणीच्या वायरी कापल्या गेल्या तो दिवस. त्यानंतर जे चढले ते उपरे.

त्यासाठी तीन रंगांच्या चिठ्ठ्या. लाल म्हणजे पुरावा, हात लावायचा नाही. पिवळी म्हणजे जीवावर बेतणारी वस्तू (टायर, नळ्या, पट्टे, टाकी): बदलायची, पण जुनी फेकायची नाही. पांढरी म्हणजे चाचणीनंतर कुणीतरी हौसेने लावलेली. पुरावा दाखवूनच काढायची. पहिल्या दिवशी ११२ चिठ्ठ्या लागल्या, त्यांपैकी ६१ लाल. चिठ्ठीवर पेन्सिलनेच लिहायचे. बॉलपेनची शाई दोन वर्षांत फिकी होते आणि तेल लागले की फुटते.

सुटे भाग पॉलिथिनच्या पिशव्यांत. पीव्हीसीच्या पिशव्या टाळल्या. त्यातले प्लॅस्टिक मऊ ठेवणारे रसायन हळूहळू सुटते आणि रबरावर, रंगावर चिकट थर बसतो.

२० जानेवारी

पार्श्वभूमीची नोंद एकदाच करून ठेवू, म्हणजे पुढे कशाशी ताडतो आहोत ते कळेल.

ऑक्टोबर १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटार शोमध्ये दाखवलेली एक्सजे२२० निराळी होती: ६.२ लिटरचे व्ही१२ (बारा सिलिंडरचे) इंजिन, चारही चाकांना ताकद, वर उघडणारे दरवाजे. जिम रँडल यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी ती कामाच्या वेळेबाहेर बांधली; त्या मंडळींना ‘सॅटर्डे क्लब’ म्हणत. ५०,००० पौंडांची अनामत भरून लोकांनी रांग लावली ती या गाडीसाठी. प्रत्यक्षात आली ती ३.५ लिटर, दोन टर्बोंचे व्ही६ असलेली, फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी. इंजिनाचे मूळ एमजी मेट्रो ६आर४ या रॅली गाडीत. क्षमता ३,४९८ सीसी, बोअर ९४ मिमी, स्ट्रोक ८४ मिमी, ताकद ५४२ अश्वशक्ती. जॅग्वार आणि टीडब्ल्यूआर (शर्यतीच्या गाड्या बनवणारी ब्रिटिश कंपनी) यांच्या जॅग्वारस्पोर्टने ती ऑक्सफर्डशायरमधल्या ब्लॉक्सम इथे १९९२ ते १९९४ या काळात बांधली. एकूण गाड्या २८० च्या आसपास.

हे इंजिन आधी धावले ते फोर्ड ट्रान्झिटच्या मालवाहू व्हॅनच्या पोटात. बाहेरून डबा, मागे दोन टर्बो. ती व्हॅन आजही आहे, आणि संग्राहकांच्या दृष्टीने हा अपवाद आहे. अशा गाड्या सहसा उरत नाहीत. मॅकलॅरेन एफ१ साठी अल्टिमा एमके३ या किट-कारच्या १२ आणि १३ क्रमांकाच्या चौकटी (शासी) चाचणीसाठी वापरल्या. एकीचे नाव अल्बर्ट, तिच्यात ७.४ लिटरचे शेव्हरोले व्ही८ आणि एफ१ चा गिअरबॉक्स. दुसरी एडवर्ड, तिच्यात बीएमडब्ल्यूचे व्ही१२. काम झाल्यावर कंपनीने दोन्ही मोडीत काढल्या. किट-कारशी आपले नाव जोडले जाऊ नये हे त्यामागचे एक कारण. एफ१ च्या पुढच्या, एक्सपी नावाच्या चाचणी गाड्यांपैकी एक्सपी१ १९९३ मध्ये नामिबियातल्या चाचणीत जळाली, एक्सपी२ धडक चाचणीला गेली, एक्सपी३ एफ१ चे रचनाकार गॉर्डन मरी यांच्याकडे राहिली. एक्सपी५ ने १९९८ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या चाचणी मार्गावर ताशी ३८६ किलोमीटरचा वेग नोंदवला. लॅम्बोर्गिनी काउंटाशची पहिली एलपी५०० तर १९७४ मध्ये ब्रिटनमधल्या मायरा या चाचणी केंद्रातल्या धडक चाचणीतच संपली. उलट फेरारीने ३४८ चे कवच चढवलेली, एन्झो या सुपरकारच्या व्ही१२ ची चाचणी गाडी एम३ २००५ मध्ये मारानेल्लोला लिलावात विकली.

थोडक्यात, ज्या गाडीला धडक चाचणी चुकली, जिचे दिसणे कंपनीला अडचणीचे नव्हते आणि जिच्यासाठी कुणीतरी आतून शब्द टाकला, ती वाचली. गाडी जितकी कुरूप तितकी ती तांत्रिकदृष्ट्या बोलकी आणि तितकीच तिची वाचण्याची शक्यता कमी.

२३ जानेवारी

रंग मोजला. बॉडी अॅल्युमिनियमची आहे, त्यामुळे चुंबकीय मोजमापक काहीच दाखवत नाही. एडी-करंटचे उपकरण लागते. प्रत्येक पत्र्यावर नऊ ठिकाणी वाचन. दरवाजे १४० ते १७० मायक्रॉन, छप्पर १५०, पुढचे डावे मडगार्ड ४८०, मागच्या झाकणाची उजवी कड ६२० आणि एका ठिकाणी १,१००. एवढा जाड थर म्हणजे खाली पुट्टी आहे.

मागच्या झाकणाच्या आतल्या कडेला, दिसणार नाही अशा जागी ओल्या पॉलिशपेपरने (८००, १२००, २०००) पायऱ्या घासून थर उघडले. वरून: पारदर्शक लॅकर, चंदेरी, करडा प्रायमर, काळा मॅट रंग, पुन्हा प्रायमर, उघडे अॅल्युमिनियम. मधला काळा मॅट फक्त नाक आणि शेपटी या दोन भागांवरच आहे. चाचणीत आकार लपवण्यासाठी मारलेला रंग म्हणून तो लाल चिठ्ठीत. पायऱ्यांची जागा तशीच उघडी ठेवली, वर मेणाचा पातळ हात.

मागचे दिवे रोव्हर २०० या साध्या कौटुंबिक गाडीचे आहेत. बाजारात हे ऐकून हसतात, पण उत्पादनातल्या एक्सजे२२० लाही तेच दिवे आहेत. मात्र दिव्यांच्या चौकटीमागे बुजवलेली आणखी चार भोके सापडली, अंतरे या दिव्यांशी जुळत नाहीत. म्हणजे आधी वेगळे दिवे बसवलेले होते. भोके उघडली नाहीत. अंतरे मिलिमीटरमध्ये टिपली आणि जुन्या छायाचित्रांशी ताडायला ठेवली.

२९ जानेवारी

ओळख. विक्रेत्याच्या फायलीत गाडीचा दर्जा एका वाक्यात ठासून सांगितला आहे आणि पुरावा म्हणून डॅशबोर्डवरची पितळी पट्टी. पट्टीला पांढरी चिठ्ठी. खरी विकास गाडी स्वतःवर पितळी पट्टी मिरवत नाही. तिच्यावर चिकटपट्टीवर मार्करने लिहिलेले असते.

इंजिनाचा क्रमांक चौकटीच्या नोंदीशी जुळत नाही. नेहमीच्या बाजारात यावर किंमत पडते. इथे त्याचे वाईट वाटायचे कारण नाही. चाचणी गाडीत इंजिने आठवड्याला बदलत. जुळणारे क्रमांक दिसले तर उलट संशय घ्यावा.

जुळवायचे ते छायाचित्रांवरून, आणि तेही स्वतंत्र तीन खुणांवर. इथे जुळलेल्या तीन: उजव्या खिडकीच्या खालची, उत्पादनात नसलेली हवेची फट, पुढच्या झाकणावरच्या रिव्हेटांचे असमान अंतर (३८, ४१, ३८ मिमी), आणि उजव्या सिलमधले (दाराखालच्या पट्टीतले) जॅकच्या आघाताचे पोच. रंग, चाके, नंबरप्लेट यांना शून्य गुण, कारण ती एका दुपारी बदलतात. शर्यतीच्या एक्सजे२२०सी वरून आलेले भाग वेगळे काढले: मागची पंख-पट्टी आणि कार्बनची दोन झाकणे. ती देखणी आहेत आणि इथली नाहीत.

५ फेब्रुवारी

वायरिंग. सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत मोलाचे काम.

मूळ वायरिंगच्या जोडीला चाचणीचे वेगळे जाळे होते. त्याची टोके ड्रायव्हरच्या मागच्या भिंतीतून आत येतात आणि तिथे कापलेली आहेत. ३४ टोके. पहिला मोह त्यांना उपटून साफ करण्याचा. प्रत्येक टोकाला क्रमांक देऊन दुसरे टोक शोधले.

थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या जोडतारांच्या) तारा रंगावरून ओळखता येतात आणि रंगांवरून काळही कळतो. के प्रकारच्या तारांच्या १४ जोड्यांत धन तपकिरी, ऋण निळी, वरचे आवरण लाल: हा जुना ब्रिटिश संकेत. पाच जोड्यांत धन हिरवी, ऋण पांढरी, आवरण हिरवे: हा नंतरचा आंतरराष्ट्रीय संकेत. ब्रिटनने तो १९९३ पासून स्वीकारला. म्हणजे त्या पाच जोड्या बहुधा नंतर घातल्या, आणि त्या सर्व गिअरबॉक्स व मागच्या ब्रेककडे जातात. एवढ्या एका गोष्टीने गाडीच्या शेवटच्या कामाचा अंदाज आला. कागदपत्रांत तो नाही.

मागच्या डाव्या विशबोनवर (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यावर) दोन ठिकाणी धातू चौकोनी घासून चकचकीत केलेला, वर सुकलेला पिवळट गोंद. स्ट्रेन गेजच्या (धातूवरचा ताण मोजणाऱ्या पट्टीच्या) जागा. एका ठिकाणी गेज शिल्लक आहे. मल्टिमीटरने मोजले: ३४९.८ ओहम. प्रचलित मूल्ये १२० आणि ३५० ओहम, म्हणजे हा अजून जिवंत आहे. त्यावर मऊ सिलिकॉनचा थर, लाल चिठ्ठी. विशबोन रंगवायला पाठवण्याचा विचार रद्द. अशा चौकोनावर पावडर कोटिंग मारून आणलेले भाग बाजारात ‘नूतनीकृत’ म्हणून फिरतात. आपणच पुरावा भट्टीत भाजून काढतो.

चिकटपट्ट्यांवरची हस्तलिखिते फिकी झाली आहेत. तिरपा प्रकाश टाकून आणि अतिनील दिव्याखाली फोटो घेतल्यावर अकरापैकी आठ वाचता आली. पट्ट्या सोलल्या नाहीत.

११ फेब्रुवारी

इंजिन नियंत्रकाची मेमरी. झायटेक कंपनीच्या नियंत्रक पेटीत अतिनील प्रकाशाने पुसली जाणारी ईप्रॉम (मेमरी) चिप आहे, वर काचेची खिडकी. खिडकीवरचे लेबल सुकून अर्धे उचकटलेले. चिप उत्पादक स्वतःच सांगत की थेट उन्हात ती साधारण आठवड्यात आणि ट्यूबलाइटखाली सतत ठेवल्यास तीनेक वर्षांत पुसली जाऊ शकते. म्हणून आधी शेडचे दिवे मालवले, हातदिवा वापरला, खिडकीवर अपारदर्शक पट्टी लावली, मगच पेटी बाहेर काढली. फोटोला फ्लॅश नाही.

तीनदा वाचले आणि तीनही फायलींचे हॅश (फायलीवरून काढलेला तपासणी-आकडा) ताडले. दोन सारखे, तिसरा वेगळा. एका बाइटमध्ये एक बिट कधी ०, कधी १. लिहिलेल्या बिटाचा विद्युतभार झिजला की तो कोऱ्या बिटासारखा, म्हणजे १ वाचला जातो. पुरवठा ५ वरून ४.५ व्होल्टवर आणून पुन्हा पाच वाचने घेतली. पाचही सारखी, ते बिट ०. तीच प्रत खरी धरली. नवी चिप लिहून तीच पेटीत, मूळ चिप खिडकी झाकून, स्थिरविद्युत रोखणाऱ्या फोममध्ये, डब्यात.

उत्पादन गाडीच्या मेमरीशी ताडल्यावर इंधनाच्या तक्त्यात आणि बूस्टच्या (टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाच्या) मर्यादेत फरक दिसला. गाडी चालवायची झाली तर कोणता तक्ता वापरायचा? उत्पादनाचा. चाचणीचा तक्ता कोणत्या इंधनासाठी, कोणत्या इंजेक्टरसाठी लिहिला होता हे सिद्ध झालेले नाही. जपणे आणि वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी.

१९ फेब्रुवारी

बोअरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) सहाही सिलिंडर पाहिले. चौथ्यात भिंतीवर हलका गंज, बाकी ठीक. प्रत्येकात ८ मिली पातळ तेल, ४८ तास थांबणे. क्रँक अजून फिरवलेला नाही आणि नवे पट्टे चढेपर्यंत फिरवणार नाही.

मागचे झाकण काढायला चार माणसे लागली. ते जड नाही, पण लवते. दोघांनी उचलले तर मधोमध रंग तडकतो. एक्झॉस्टचे नट भेदक तेलात तीन दिवस भिजवले तरी नऊपैकी दोन स्टड तुटले. तुटलेले स्टड ड्रिलने काढायचे तर आधी मधोमध खूण पाडणारा साचा बनवावा. हाताने नेम धरला की ड्रिल मऊ अॅल्युमिनियमकडे सरकते. इथे साचा केला आणि तरी एक भोक ०.३ मिमी बाजूला गेले. तिथे हेलिकॉइल (आट्यांची तारेची गुंडाळी) बसवले.

२७ फेब्रुवारी

इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर. पट्टे पाहण्यासारखे: पाठीवर बारीक आडव्या चिरा, आणि कप्पीवर जिथे वळण घेऊन वर्षे काढली तिथे पट्टा त्याच वळणात ताठलेला. बदलले: पट्टे, ताण कप्प्या, वळण कप्प्यांची बेअरिंगे, पाण्याचा पंप, क्रँकची पुढची-मागची सील. काढण्याआधी कॅम आणि कप्पी दोन्हींवर बारीक टोच मारून खुणा आणि चारही कॅम कुलूप-साधनाने धरले. साधनाशिवाय हे काम करता येते असे सांगणारे भेटतील. वाल्व स्प्रिंगच्या ताणाने कॅम एका क्षणात पाव फेरा उडी घेतो.

नवे पट्टे चढल्यावर क्रँक हाताने, फक्त चालण्याच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे. खुणा पुन्हा जुळल्या. मग प्रत्येक सिलिंडरची गळती-चाचणी (दाबाने भरलेली हवा किती टक्के निसटते ते): पाच सिलिंडर ६ ते ९ टक्के, चौथा १७. चौथ्यात तेल पुन्हा घालून हाताने आणखी फेरे दिले, १३ वर आला. इंजिन उघडायचे नाही. चालून रिंगा बसतात का ते पाहायचे.

दोन्ही गॅरेट टर्बोंची अक्षीय ढिलाई ०.०६ आणि ०.०९ मिमी. दुसरा ०.१० च्या सीमेवर आहे, वहीत लिहून ठेवला. तेलाच्या परतीच्या नळ्यांचे गॅस्केट नवे.

६ मार्च

इंधनाची टाकी रबरी कापडाची पिशवी आहे, आत फोम. हा भाग जुन्या सुपरकारमध्ये लोक हमखास विसरतात कारण तो दिसत नाही. इंजिन बाहेर असताना तो बदलायचा, एरवी त्याच्यासाठी पुन्हा सगळे उघडावे लागते.

आधी पेट्रोल उपसले, मग टाकीला अर्थिंग लावून दोन दिवस हवा खेळवली, वाफमापक शून्याजवळ आल्यावरच हात घातला. फोम हातात भुकटी झाला. चाळून भरलेली भुकटी २४० ग्रॅम. पॉलिएस्टर जातीचा हा फोम ओलाव्याने विघटित होतो. भुकटी पंपाच्या जाळीत जाते, पंप उपाशी राहतो, मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) होते आणि टर्बो इंजिनात पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला भोक. गाडी ‘जरा अडखळते’ एवढेच लक्षण आधी दिसते.

नवी पिशवी जुन्या मापावरून बनवायला दिली. मुदत दहा आठवडे. जुनी पिशवी पिवळ्या चिठ्ठीसह, धुऊन, आत कागद भरून ठेवली. नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारच्या. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे) झाले आहे. या गाडीत ई५ चे महाग पेट्रोलच घालायचे आणि उभ्या गाडीत तेही सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचे नाही.

१४ मार्च

चौकट. अॅल्युमिनियमच्या मधपोळी पाट्या गोंदाने जोडलेल्या. गंजाच्या भीतीपेक्षा इथे भीती आहे ती गोंद सुटण्याची. टकटक चाचणी: २० ग्रॅमची गोल डोक्याची हातोडी, २५ मिमीच्या चौकोनांची जाळी आखून प्रत्येक छेदावर हलका ठोका. चांगल्या जागी आवाज ठणठणीत, सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाज दोन ठिकाणी. एक उजव्या सिलमध्ये, ६० बाय ४० मिमी, अगदी जॅकच्या पोचाशेजारी. कुणीतरी ट्रॉली जॅक भलत्या जागी लावला होता. दुसरा मागच्या भिंतीवर, जिथे चाचणीच्या वायरींसाठी भोक पाडून कडा बंद केलेली नव्हती. तिथून ओलावा मधपोळ्यात शिरला. उष्णता पाडून थर्मल कॅमेऱ्याने पाहिले तर पाण्याचा डाग हातभर पसरलेला.

भोक पाडून इपॉक्सी टोचणे हा सोपा मार्ग आहे आणि तो घेतला नाही. गोंद कुठवर गेला ते कळत नाही आणि ओल्या पृष्ठभागावर तो धरत नाही. मागच्या भिंतीला ४० अंशांच्या कोरड्या हवेत नऊ दिवस ठेवले, डाग निम्म्याहून कमी झाला, मग कडा सील केली. सिलच्या जागेची रेघ आखून दर सहा महिन्यांनी पुन्हा ठोकायचे. ६० बाय ४० ची रेघ ओलांडली तर गाडी उभी.

पोलादी बोल्ट आणि अॅल्युमिनियम यांच्या सांध्यांवर पांढरी भुकटी होती, १९ ठिकाणी. बोल्ट तेच ठेवले, मध्ये अलग ठेवणारे वॉशर आणि लेप.

१० एप्रिल

ब्रेक. एपी रेसिंगचे चार पिस्टनी कॅलिपर. एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, सर्वो (पायाचा जोर वाढवणारे साधन) नाही. जाम झालेल्या पिस्टनला पक्कड लावली नाही. कॅलिपर सोडवून ग्रीसगनने आतून दाब दिला, पिस्टन हळूच बाहेर आला. हवेने उडवायला गेले की बोटे जातात. चारही कॅलिपरची सील आणि सगळ्या नळ्या नव्या. ब्रेकचे तेल डॉट ४ दर्जाचे: ताज्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओलावा घेतलेल्याचा किमान १५५. जुन्या तेलाचा नमुना मोजला तर १३८ भरला.

टायर. पुढे २५५/४५ झेडआर १७, मागे ३४५/३५ झेडआर १८, ब्रिजस्टोनचे. बाजूच्या भिंतीवर तारखेचे तीनच अंक, ‘११३’. २००० सालाआधीचे टायर तीन अंकी: आठवडा ११, वर्ष ३. १९८३ की १९९३ हे अंकांवरून कळत नाही. या मापाची गाडी १९८३ मध्ये नव्हतीच, म्हणून १९९३. तळ छान दिसतो आणि म्हणूनच धोका मोठा: आतला रबर काचेसारखा झालेला आहे. या मापाचे टायर अलीकडे पुन्हा बनू लागले आहेत, संच मागवला. जुने टायर रॅकवर उभे, हवा अर्धी, लाल चिठ्ठी; त्यांच्या खांद्यावरची झीज एका बाजूला जास्त आहे आणि ती गोल मार्गावरच्या चाचणीची खूण असू शकते. इटलीतल्या नार्दोच्या वर्तुळाकार चाचणी मार्गावर याच जातीच्या गाडीने १९९२ मध्ये शर्यतपटू मार्टिन ब्रंडल यांच्या हाती ताशी ३४१ किलोमीटरच्या वर वेग गाठला होता. पण या टायरांनी तो मार्ग पाहिला असे म्हणायला पुरावा नाही, म्हणून वहीत फक्त झीज लिहिली.

२२ एप्रिल

कागद. मधे मधे एक प्रश्न येतो: ही गाडी मुंबई-पुण्यात आणता येईल का? जुन्या गाड्यांच्या आयातीचा सर्वसाधारण नियम तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवे आणि उतरायचे मुंबई बंदरातच असा आहे. ही डाव्या स्टिअरिंगची आणि तिशी ओलांडलेली. उरतो तात्पुरता कार्नेट, म्हणजे प्रदर्शनाला आणून मुदतीत परत नेणे.

विक्री करारात पाहायचे कलम एकच, पण ते बहुतेक वेळा पुरवणीत असते: गाडी रस्त्यावर वापरणार नाही, भाग पुरवण्याची जबाबदारी उत्पादकावर नाही. उत्पादनपूर्व गाडी मंजुरीच्या तपासण्यांतून गेलेली नसते, त्यामुळे नोंदणी हा निराळा लढा. किंमत ठरवण्याआधी हा कागद मागावा.

१९ मे

पिशवी आली, बसवली. लाइन धुतली: १० लिटर पेट्रोल १० मायक्रॉनच्या गाळणीतून काचेच्या बरणीत. पहिल्या दोन लिटरमध्ये फोमचे काळे कण, नंतर स्वच्छ. इंजेक्टर बाहेर काढून मोजले. एक अडकलेला, स्वच्छ केल्यावर सर्व एकमेकांच्या ३ टक्क्यांच्या आत.

सुरू करण्याआधी प्लग काढून, इंधन आणि इग्निशन तोडून स्टार्टरवर तेलाचा दाब येईपर्यंत १० सेकंदांचे फेरे, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. ड्राय संप (तेल इंजिनाखाली न साठवता वेगळ्या टाकीत) असल्याने दाब यायला चौथा फेरा लागला. टर्बोच्या तेलनळ्या हाताने आधीच भरल्या होत्या.

२१ मे

सकाळी ११ वाजता सुरू. दुसऱ्या प्रयत्नात. पहिल्यात नुसता फटका, कारण क्रँक सेन्सरचा जोड नीट बसला नव्हता. २० मिनिटे निष्क्रिय वेगावर; पाणी ८५ अंशांवर स्थिर. डाव्या टर्बोच्या परतीच्या नळीखाली तेलाचा थेंब, बंद करून नट घट्ट केले, थांबला. चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट बाकीच्यांपेक्षा ४० अंश थंड. एक तास चालल्यावर फरक १५ वर. गळती-चाचणी पुन्हा: १० टक्के.

थर्मोकपलच्या जुन्या १४ जोड्यांपैकी नऊ अजून वाचन देतात. एक्झॉस्टच्या तापमानाचे वरचे आकडे त्यांच्यावरूनच घेतले.

२७ मे

आवारात ४०० मीटर, तीन फेऱ्या, इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या वर नाही, बूस्ट नाही. क्लच शेवटच्या सेंटिमीटरमध्ये पकडतो. पाय उचलायची सवय नसेल तर गाडी उडी मारते. पुढचे डावे ब्रेक इतरांपेक्षा १२ अंश जास्त तापले, पिस्टन अजून पूर्ण मोकळा नाही. पॅड काढून पुन्हा पाहणे.

राहिलेले: मागच्या दिव्यांच्या जुन्या भोकांचे छायाचित्रांशी ताडणे (दोन छायाचित्रे मागवली आहेत); ब्रेककडे जाणाऱ्या हिरव्या-पांढऱ्या जोड्यांचे नकाशे; सिलच्या रेघेची तपासणी नोव्हेंबरमध्ये; नव्या पिशवीवर बसवल्याची तारीख रंगाने लिहिणे, तसेच झाकणाच्या आत कुणालाही दिसेल अशा जागी.